एक्झोसोम, त्यांतला आरएनए आणि कॅन्सरमधली प्रतिकारशक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. काहींच्या घरात कॅन्सरचा रुग्ण असतो आणि त्यांनी कुठेतरी ‘एक्झोसोम थेरपी’ची जाहिरात वाचलेली असते. काही जण जीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकत असतात. शोधनिबंध ते वाचतात, पण त्यांतले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून गोंधळतात, कारण एका निबंधात एक्झोसोम प्रतिकारशक्ती दाबतात आणि दुसऱ्यात तेच तिला चेतवतात. दोघांसाठी उत्तरे एकाच ठिकाणी दिली आहेत. उपचारांविषयीचे प्रश्न शेवटी आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

एक्झोसोम म्हणजे नेमके काय?

पेशीने बाहेर सोडलेली अतिसूक्ष्म पुटिका. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकातून २०० नॅनोमीटरपेक्षा लहान वस्तू नीट दिसत नाही, म्हणून एक्झोसोम बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. भोवती पेशीपटलासारखेच मेदाचे दुहेरी आवरण असते, त्या आवरणात प्रथिने रोवलेली असतात, आणि आत आणखी प्रथिने व आरएनए (जनुकांच्या मजकुरावरून बनणारा रेणू) असतो.

तो तयार होतो पेशीच्या पोटात. एंडोसोम नावाच्या पिशवीचे पटल आतल्या बाजूला दुमडत जाते आणि पिशवीत अनेक लहान पुटिका जमतात. अशी भरलेली पिशवी पेशीच्या बाहेरच्या पटलाला जाऊन मिळाली की आतल्या सगळ्या पुटिका बाहेर पडतात. काही पुटिका मात्र एंडोसोमच्या वाटेने न जाता पेशीच्या पृष्ठभागावरूनच सुट्या होतात. दोन्हींचे आकार एकमेकांत मिसळतात आणि प्रयोगशाळेत त्या पूर्णपणे वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून या विषयातली आंतरराष्ट्रीय संघटना सगळ्यांना मिळून ‘एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल’ म्हणा असे सुचवते. इथे आपण रूढ शब्दच वापरू, पण खाली दिलेल्या बऱ्याच प्रयोगांत दोन्ही प्रकारांची सरमिसळ असणार हे ध्यानात असू द्या.

शरीरात एक्झोसोम सापडले म्हणजे कॅन्सर आहे का?

नाही. निरोगी पेशीही ते सतत सोडत असतात. रक्त, लघवी, लाळ, आईचे दूध, सगळीकडे ते आहेत. रक्तातल्या पुटिकांचा मोठा वाटा तर प्लेटलेट आणि इतर रक्तपेशींचा असतो. कॅन्सरच्या गाठीतून आलेले एक्झोसोम या गर्दीत थोडेसे असतात आणि त्यांना शोधून काढणे हेच तपासण्यांपुढचे मोठे कोडे आहे.

शोध कसा लागला?

१९८३ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन यांचा गट मेंढीच्या अपरिपक्व लाल रक्तपेशींवर काम करत होता, आणि अमेरिकेत सेंट लुइस इथे फिलिप स्टाल यांचा गट उंदीरवर्गीय प्राण्याच्या तशाच पेशींवर. लाल पेशी वाढीला लागलेली असताना तिला लोह आत घ्यायला ट्रान्सफेरिन रिसेप्टर लागतो. पेशी पक्व झाली की तो नको असतो. हा रिसेप्टर पुटिकांमधून बाहेर टाकला जातो असे दोन्ही गटांना दिसले. पुढे बरीच वर्षे एक्झोसोमकडे पेशीचा कचरा म्हणूनच पाहिले गेले.

ही समजूत मोडली ती प्रतिकारशास्त्राने. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बी पेशींनी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्रतिकार पेशींनी) सोडलेल्या एक्झोसोमवर एमएचसी वर्ग-२ हे, शत्रूचा तुकडा इतर पेशींना दाखवणारे रेणू असतात आणि ते टी पेशींना, म्हणजे शत्रू ओळखून लढणाऱ्या प्रतिकार पेशींना, उद्दीपित करू शकतात. दोनच वर्षांनी लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या गटाने फ्रान्समध्ये डेंड्रिटिक पेशींचे (टी पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या पेशींचे) एक्झोसोम उंदरांना दिले, तेव्हा त्यांच्या गाठी आटल्या किंवा त्यांची वाढ मंदावली. म्हणजे कॅन्सर आणि प्रतिकारशक्तीच्या कथेत एक्झोसोमने पहिला प्रवेश केला तो रुग्णाच्या बाजूने. आज त्यांच्याविषयी जे वाचायला मिळते त्यात ही गोष्ट अनेकदा हरवलेली असते.

मग आरएनएचा संबंध कधी आला?

२००७ मध्ये. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात हादी वलादी आणि यान लोटवाल यांच्या गटाला मास्ट पेशी या प्रतिकार पेशींच्या एक्झोसोममध्ये संदेशवाहक आरएनए आणि मायक्रोआरएनए सापडले. त्यांनी उंदराच्या पेशींचे एक्झोसोम माणसाच्या पेशींना दिले, आणि माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिने तयार झाली. एका पेशीचा आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो याचा हा ठोस पुरावा होता. दुसऱ्याच वर्षी ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये, फक्त गाठीत असणारा बदललेला आरएनए रुग्णांच्या रक्तातल्या पुटिकांमध्ये सापडला. २५ पैकी ७ रुग्णांत.

आत कोणता आरएनए भरायचा यात थोडी निवडही होते. एचएनआरएनपीए२बी१ हे प्रथिन मायक्रोआरएनएमधला ठरावीक अक्षरक्रम ओळखून ते एक्झोसोमकडे वळवते, असे २०१३ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी टी पेशींत दाखवले. त्यामुळे एक्झोसोममधला आरएनए म्हणजे पेशीतल्या आरएनएची हुबेहूब प्रत नसते. काही रेणू तिथे जास्त सापडतात, काही जवळजवळ नसतातच.

हा आरएनए प्रतिकार पेशीत गेल्यावर काय करतो?

इथे दोन अगदी वेगळ्या यंत्रणा आहेत. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा त्या एकत्र केल्यामुळे होतो.

पहिली यंत्रणा जनुक गप्प करण्याची. मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ अक्षरांचा छोटा आरएनए. तो जुळणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाही. याच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. इथे आरएनएमधला मजकूर महत्त्वाचा, कारण कोणते जनुक बंद होणार ते अक्षरांवर ठरते.

दुसरी यंत्रणा धोक्याची घंटा वाजवण्याची. आपल्या पेशींत परका आरएनए ओळखणारे पहारेकरी असतात, मुख्यतः विषाणूंसाठी. टोल-लाइक रिसेप्टर ३, ७ आणि ८ हे एंडोसोममध्ये असतात. रिग-आय पेशीद्रवात असतो. हे पहारेकरी कोणत्या जनुकाचा मजकूर आहे ते बघत नाहीत. आरएनए कसा दिसतो, दुहेरी आहे का, त्याचे टोक उघडे आहे का, त्याच्या अंगावर प्रथिनांचे पांघरूण आहे का, हे ते मुख्यतः तपासतात. संशय आला की इंटरफेरॉन (विषाणूविरोधी इशारा देणारी प्रथिने) आणि दाह वाढवणारे रेणू सुटतात.

म्हणजे तोच आरएनए एका पेशीत शांतपणे जनुक बंद करील आणि दुसरीत हलकल्लोळ माजवील. हे कळले की शोधनिबंधांतला विरोधाभास बराचसा विरतो. एक्झोसोम कॅन्सरच्या बाजूचा की विरुद्ध, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या पेशीने पाठवला, आत काय आणि कोणत्या अवस्थेत आहे, कोणत्या पेशीने कोणत्या जागी तो पकडला, या तीन गोष्टी कळल्याशिवाय काही सांगता येत नाही.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायक्रोआरएनएची काही उदाहरणे सांगाल का?

स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या एक्झोसोममधले मायक्रोआरएनए-२१२-३पी डेंड्रिटिक पेशींत जाऊन आरएफएक्सएपी हे प्रथिन कमी करते. या प्रथिनाशिवाय एमएचसी वर्ग-२ चे रेणू पुरेसे तयार होत नाहीत. डेंड्रिटिक पेशीचे कामच मुळी शत्रूचा तुकडा या रेणूंवर ठेवून टी पेशींना दाखवण्याचे. ते रेणू घटले की दाखवणे बंद. दाखवणे बंद झाले की पुढची सगळी साखळी अडते.

मायक्रोआरएनए-२१४ टी पेशींमध्ये पीटेन हे प्रथिन कमी करते आणि नियंत्रक टी पेशींची संख्या वाढते. नियंत्रक टी पेशी म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशी. निरोगी शरीरात त्या नसतील तर आपली प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटेल, पण गाठीभोवती त्यांची गर्दी झाली की गाठीला अभय मिळते. प्राणवायू कमी असलेल्या गाठींचे एक्झोसोम मायक्रोआरएनए-२३ए नेऊन एनके पेशींची (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकार पेशींची) मारकक्षमता घटवतात असेही दिसले आहे. यकृताच्या कॅन्सरमध्ये एक वर्तुळाकार आरएनए एनके पेशींना थकवतो. पी५३ हे कॅन्सर रोखणारे जनुक बिघडलेल्या आतड्याच्या कॅन्सरपेशी मायक्रोआरएनए-१२४६ पाठवून मॅक्रोफेजना (शत्रूला गिळणाऱ्या प्रतिकार पेशींना) गाठीच्या सोयीचे वळण लावतात.

यादी लांबवता येईल, पण लांबवून उपयोग नाही. यातले बरेच काम प्रयोगशाळेतल्या पेशी आणि उंदरांवरचे आहे, आणि एकेका मायक्रोआरएनएचा निष्कर्ष दुसऱ्या कॅन्सरला तसाच लावता येत नाही.

धोक्याची घंटा वाजली तर प्रतिकारशक्ती जागी होईल. मग ते कॅन्सरच्या विरोधातच जाईल ना?

हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. सहज बुद्धीला असेच वाटते, पण प्रत्यक्षात घंटा कुठे वाजते यावर सगळे अवलंबून असते.

२०१२ मध्ये इटालियन-अमेरिकन संशोधक म्युलर फाब्री आणि सहकाऱ्यांनी दाखवले की फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एक्झोसोममधली मायक्रोआरएनए-२१ आणि २९ए ही मॅक्रोफेजमध्ये जनुक बंद करण्याऐवजी थेट टोल-लाइक रिसेप्टरला चिकटतात, उंदरात ७ क्रमांकाच्या आणि माणसात ८ क्रमांकाच्या. त्यातून आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे रेणू सुटतात. हा दाह गाठीला मारत नाही. उलट तिच्या पसरण्याला खतपाणी घालतो.

२०१६ मध्ये चीनमधल्या गटाने आणखी पुढची गोष्ट दाखवली. गाठ दुसरीकडे आहे, फुप्फुसात अजून एकही कॅन्सरपेशी पोचलेली नाही, पण गाठीचे एक्झोसोम पोचले आहेत. त्यांतला आरएनए फुप्फुसाच्या अस्तरपेशींतल्या टोल-लाइक रिसेप्टर ३ ला चेतवतो. अस्तरपेशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना हाका मारतात. न्यूट्रोफिल तिथे जमतात आणि पुढे येणाऱ्या कॅन्सरपेशींसाठी जमीन तयार होते. ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नव्हता त्यांच्या फुप्फुसात कॅन्सर कमी पसरला.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते २०१७ चे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले काम. आरएन७एसएल१ हा आपल्या प्रत्येक पेशीत भरपूर असणारा साधा, घरगुती आरएनए. एरवी त्याच्या अंगावर एसआरपी९ आणि एसआरपी१४ ही प्रथिने असतात, म्हणून पहारेकरी त्याला आपला मानतात. स्तनाच्या कॅन्सरपेशी शेजारच्या फायब्रोब्लास्ट (ऊतीला आधार देणाऱ्या) पेशींना असे काही भडकवतात की त्या हा आरएनए बेसुमार बनवू लागतात. पांघरूण घालणारी प्रथिने त्या प्रमाणात वाढत नाहीत. परिणामी उघडा आरएनए एक्झोसोममध्ये भरला जातो. तो कॅन्सरपेशीत गेला की रिग-आय त्याला विषाणू समजतो आणि विषाणूविरोधी यंत्रणा सुरू होते. या यंत्रणेने कॅन्सरपेशी मरायला हवी होती. पण ती त्या चेतनेवर आणखी वाढते, पसरते आणि उपचारांना दाद देईनाशी होते.

मग हाच आरएनए आपल्या फायद्यासाठी वापरता येईल का?

प्रयोग झाला आहे, आणि त्याच विद्यापीठात. २०२१ मध्ये अँडी मिन यांच्या गटाने सीएआर-टी पेशींनाच (कॅन्सर ओळखावा म्हणून जनुकीय बदल केलेल्या टी पेशींना) आरएन७एसएल१ बनवायला लावले. या पेशी तो पुटिकांमधून बाहेर सोडू लागल्या आणि तो पोचला डेंड्रिटिक व इतर प्रतिकार पेशींकडे. तिथे घंटा वाजली ती योग्य ठिकाणी. उंदरांमध्ये सीएआर-टी पेशींचा प्रभाव वाढला आणि शरीराच्या मूळच्या टी पेशीही लढाईत उतरल्या. आरएनए तोच, पाठवणारा आणि घेणारा बदलला, तर निकाल उलटा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सीएआर-टी हा शब्द नवा नाही. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ या पहिल्या भारतीय सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो बी पेशींच्या ठरावीक रक्तकॅन्सरांसाठी आहे. वर सांगितलेला आरएनएचा प्रयोग मात्र अजून उंदरांपुरता आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

एका एक्झोसोममध्ये एवढे सगळे घडवण्याइतका आरएनए मावतो का?

अगदी रास्त शंका आहे, आणि या क्षेत्रातली सर्वांत अवघडही. २०१४ मध्ये सिएटलच्या एका गटाने मोजदाद केली. भरपूर असणाऱ्या मायक्रोआरएनएची एक प्रत सापडायला सरासरी शंभरहून जास्त एक्झोसोम तपासावे लागतील असे त्यांना आढळले. बहुतेक एक्झोसोममध्ये ते विशिष्ट मायक्रोआरएनए नसतेच. शिवाय पेशीने गिळलेल्या एक्झोसोमांपैकी पुष्कळसे पचवले जातात. त्यांतला आरएनए पेशीद्रवात सुखरूप उतरतो तो थोडाच. प्रयोगशाळेत पेशींवर एक्झोसोमांचा जो मारा केला जातो तो शरीरात होतो का, हा प्रश्नही आहेच.

माझे मत असे की जनुक गप्प करण्याच्या दाव्यांकडे या आकड्यांमुळे सावधपणे पाहावे. शेकडो प्रती लागणाऱ्या कामाला एखाद-दुसरी प्रत पुरणार नाही. घंटा वाजवण्याच्या यंत्रणेला मात्र ही अडचण कमी जाचते. टोल-लाइक रिसेप्टर एंडोसोममध्येच बसलेले असतात, म्हणजे आरएनएला तिथून सुटून बाहेर यावे लागत नाही. आणि पहारेकऱ्याची साखळी एका लहान इशाऱ्याचे मोठ्या प्रतिसादात रूपांतर करण्यासाठीच असते. तरी जे शोधनिबंध एक्झोसोमची संख्या, शुद्धता आणि मात्रा सांगत नाहीत त्यांच्या निष्कर्षांवर मी फार भार टाकत नाही. विद्यार्थ्यांनीही वाचताना आधी पद्धतींचा भाग बघावा.

आरएनएशिवाय एक्झोसोममधले आणखी काय प्रतिकारशक्तीला अडवते?

पीडी-एल१. टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कॅन्सरपेशी आपल्या पृष्ठभागावरच्या पीडी-एल१ ने तो दाबते आणि टी पेशी थंड पडते. हा ब्रेक सोडवणाऱ्या औषधांचा पाया घालणाऱ्या संशोधनाला २०१८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वेई ग्वो यांच्या गटाने दाखवले की मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी पीडी-एल१ एक्झोसोमवर लावूनही पाठवतात. म्हणजे टी पेशी गाठीपाशी पोचण्याआधीच, रक्तात किंवा लसीका ग्रंथीत, तिचा ब्रेक दाबला जाऊ शकतो. उपचारापूर्वी रक्तात असे एक्झोसोम जास्त असलेल्या रुग्णांना पीडी-१ रोधक औषधाचा फायदा कमी झाला. उपचार सुरू झाल्यावर ज्यांच्यात ते वाढले त्यांत मात्र प्रतिसाद देणारे अधिक होते, कारण जाग्या झालेल्या टी पेशींच्या इंटरफेरॉन-गॅमामुळे गाठ जास्त पीडी-एल१ बनवते. एकच मोजमाप, पण कधी घेतले यावर अर्थ बदलतो.

२०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉबर्ट ब्लेलोक यांच्या गटाने उंदरांच्या प्रोस्टेट कॅन्सरपेशींची एक्झोसोम सोडण्याची क्षमताच काढून घेतली. टी पेशी सावरल्या, गाठी वाढल्या नाहीत, आणि शरीरात दुसऱ्या जागी असलेल्या, असा बदल न केलेल्या कॅन्सरच्या गाठींनाही त्याचा फटका बसला.

डोके व मान भागातल्या कॅन्सरमध्येही रुग्णांच्या रक्तातले पीडी-एल१ युक्त एक्झोसोम रोगाच्या तीव्रतेशी जोडलेले आढळले आहेत. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर किती घरांत शिरला आहे हे वेगळे सांगायला नको. पीडी-१ रोधक औषधे महाग म्हणून यातल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर असतात. टाटा मेमोरियलने याच कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर निव्होलुमॅब हे असेच एक औषध नेहमीच्या मात्रेऐवजी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन, तोंडी औषधांच्या जोडीने, अभ्यास केला. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास एक्झोसोमचा नव्हता. पण औषध कोणाला लागू पडेल हे एक्झोसोम आधी सांगू शकले, तर त्याचा सर्वांत मोठा लाभ अशाच रुग्णांना होईल, म्हणून या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या.

कॅन्सर कोणत्या अवयवात पसरेल हे एक्झोसोम ठरवतात का?

काही अंशी. २०१५ मध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवले की एक्झोसोमच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन प्रथिने पत्त्याचे काम करतात. अल्फा-६ गटातली फुप्फुसाकडे, अल्फा-व्ही-बीटा-५ यकृताकडे. पोचलेले एक्झोसोम तिथल्या पेशींना आधीच बदलून ठेवतात.

कॅन्सरच्या एक्झोसोममधून प्रतिकारशक्तीला कधी मदतही होते का?

होते. त्यांच्यावर गाठीचीच प्रथिने असतात, त्यामुळे डेंड्रिटिक पेशी ती उचलून टी पेशींना शत्रू ओळखायला शिकवू शकतात. हे २००१ मध्येच दिसले होते. रेडिएशन दिलेल्या कॅन्सरपेशींच्या एक्झोसोममधला डीएनए डेंड्रिटिक पेशींत इंटरफेरॉन सुरू करतो, असे उंदरांतल्या कामात आढळले.

डेंड्रिटिक पेशींचे एक्झोसोम लस म्हणून माणसांनाही दिले गेले. २००५ मध्ये मेलानोमा आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्या छापून आल्या. उपचार बऱ्यापैकी सुरक्षित ठरला. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २२ रुग्णांवरची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. चार महिन्यांनंतर निम्म्या रुग्णांत तरी आजार वाढलेला नसावा हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ते ३२ टक्क्यांत साधले. काही रुग्णांच्या एनके पेशी मात्र तल्लख झाल्या होत्या. उद्दिष्ट हुकले, पण माणसांवर नीट तपासून मिळालेले हे उत्तर उंदरांवरच्या कितीतरी आशादायक निकालांपेक्षा मला मोलाचे वाटते.

एक्झोसोमच्या आरएनएवरून कॅन्सर ओळखणारी तपासणी आहे का?

प्रोस्टेटसाठी एक आहे, अमेरिकेतली. लघवीतल्या एक्झोसोममधल्या पीसीए३ आणि ईआरजी या जनुकांच्या आरएनएवरून, रक्तातल्या पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाची पातळी २ ते १० च्या दरम्यान असलेल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांना बायोप्सीची गरज किती हे ती सांगते. निदान ती करत नाही. बायोप्सी करावी का, एवढ्या निर्णयाला मदत करते. ‘रक्ताच्या एका थेंबातून एक्झोसोमने सर्व कॅन्सर ओळखा’ असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर पैसे घालवू नका.

गाठीचे एक्झोसोम थांबवणारे औषध का देत नाहीत?

प्रयोगशाळेत थांबवता येतात. रॅब२७ए हे जनुक काढून टाकले, किंवा जीडब्ल्यू४८६९ हा रेणू वापरला की एक्झोसोम कमी होतात. पण हीच यंत्रणा निरोगी पेशीही वापरतात. मारक टी पेशी आपली विषारी कणिका सोडतात त्यातही रॅब२७ए लागते, म्हणजे ते सरसकट बंद केले तर ज्या सैन्याला वाचवायचे त्याचेच हात बांधले जातील. फक्त गाठीचे एक्झोसोम अडवणारे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही.

एक्झोसोममधून औषध पाठवण्याचे काय?

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये रघू कल्लुरी यांच्या गटाने साध्या पेशींच्या एक्झोसोममध्ये केआरएएस जनुकाचा विशिष्ट बिघाड गप्प करणारा आरएनए भरला. २०१७ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या उंदरांत त्याचा चांगला परिणाम दिसला. एक्झोसोमवरच्या सीडी४७ प्रथिनामुळे मॅक्रोफेज त्यांना लगेच गिळत नाहीत, हा त्यातला कळीचा भाग. पुढे माणसांवर पहिल्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली. काम गंभीर आहे, पण सुरुवातीच्या पायरीवर आहे.

क्लिनिकमध्ये ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे एक्झोसोम’ सलाइनमधून देतात. कॅन्सरच्या रुग्णाने घ्यावेत का?

घेऊ नयेत. हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगतो आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जाहीर सूचना काढली, कारण नेब्रास्कात अशा उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. मान्यता मिळालेले एकही एक्झोसोम उत्पादन नाही असे त्या सूचनेत स्पष्ट लिहिले होते.

कॅन्सरच्या रुग्णासाठी धोका दुहेरी आहे. एक संसर्गाचा. दुसरा वर इतका वेळ सांगितला तो: पाठवणारी पेशी कोणती, आत कोणता आरएनए, आणि तो कोणत्या पेशीने उचलला यावर परिणाम ठरतो. बाटलीतल्या एक्झोसोमबद्दल यातले काहीच माहीत नसते. मेसेन्कायमल पेशींचे (एका प्रकारच्या मूळ पेशींचे) एक्झोसोम दाह शमवतात म्हणून विकले जातात. इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला, ज्याच्या टी पेशी जाग्या ठेवण्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलेले असते, प्रतिकार शमवणारे काही टोचणे म्हणजे त्या खर्चावर आणि आशेवर पाणी ओतणे ठरू शकते. घेतलेच असतील तर ऑन्कॉलॉजिस्टपासून लपवू नका. ते रागावतील या भीतीने अनेक जण सांगत नाहीत आणि मग नंतरचे रिपोर्ट कशामुळे बदलले हे डॉक्टरांना उमजत नाही.

एक्झोसोममुळे कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला लागतो का?

नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याला मिठी मारल्याने, त्याचे अंथरूण-पांघरूण वापरल्याने कॅन्सर होत नाही. लाळेत एक्झोसोम असतात हे वाचून रुग्णाचे भांडे वेगळे करणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आहाराने चांगले एक्झोसोम वाढवता येतात का?

कॅन्सरच्या रुग्णासाठी तसा सल्ला देण्याइतका पुरावा नाही. पुरेसे प्रथिन, पुरेसे पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेला आहार घ्या.

एक्झोसोमवरची चाचणी भारतात चालू आहे का, हे कसे बघायचे?

आयसीएमआरची सीटीआरआय ही नोंदवही सर्वांना खुली आहे. १५ जून २००९ पासून भारतातल्या औषधचाचण्यांची तिथे नोंद करणे बंधनकारक आहे. कोणी ‘आमच्याकडे ट्रायल चालू आहे’ म्हणाले तर त्यांच्याकडून सीटीआरआय क्रमांक मागा आणि स्वतः तो नोंदवहीत शोधा. नोंदीत चाचणीचा टप्पा, किती रुग्ण घेणार, नीतिसमितीची मंजुरी आणि संपर्काची व्यक्ती दिलेली असते. क्रमांक नसेल, किंवा प्रायोगिक उपचाराचे मोठे पैसे आगाऊ मागितले जात असतील, तर सही करण्याआधी संमतीचा कागद आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा.